इतरांनाही जगता येईल असे

नागपुरातल्या आमच्या अभ्यासमंडळाने दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काम सोपवले. 'क्लब ऑफ बुडापेस्ट' या आंतरराष्ट्रीय विचारमंचाने ऑक्टोबर १९९६ मध्ये हंगेरीच्या विज्ञान अकादमीत स्वीकारलेला जाहीरनामा मराठीत आणायचा होता. मजकूर फार मोठा नाही. चार रविवारांत होईल असे वाटून मी होकार दिला आणि शीर्षकातच अडकून पडले. तिथे 'प्लॅनेटरी कॉन्शसनेस' असे दोन शब्द होते, आणि त्यांच्यासाठी मराठीत जे जे सुचले ते ते हातात घेताच निसटत गेले.

'ग्रह' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की त्याला पत्रिका आठवते. ग्रह वक्री होतात, त्यांची शांती करावी लागते. मनात ग्रह करून घेतला जातो आणि तो पुढे पूर्वग्रह होतो. पत्रिकेतल्या नऊ ग्रहांमध्ये पृथ्वी नाहीच, कारण आपण तिच्यावर उभे राहूनच बाकीचे मोजलेले असतात. 'वैश्विक चेतना' हा जोडशब्द तयार होता, पण तो एखाद्या शिबिराच्या फलकावर लिहावा तसा दिसत होता. त्याने कोणाचे काही हलले नसते. राहता राहिले दोन शब्द, 'जाणीव' आणि 'भान', आणि ते मात्र आपल्या रोजच्या वापरातले आहेत. जाणिवा बोथट होतात, भान सुटते, माणूस भानावर येतो. उपकाराची जाण नसलेल्या माणसाला आपण अडाणी म्हणत नाही, कृतघ्न म्हणतो. म्हणजे या शब्दात ज्ञानाबरोबर नीतीही आधीच बसलेली आहे.

जाहीरनाम्यात या संकल्पनेची व्याख्या एका वाक्यात दिली आहे. माणसे एकमेकांवर जगण्यापुरती अवलंबून आहेत आणि मुळात एक आहेत, हे कळणे आणि तसे आतून वाटणे, आणि त्यातून जी नीती ओघाने येते ती समजून-उमजून स्वीकारणे, असा त्या वाक्याचा आशय आहे. मूळ मजकुरात 'कळणे' आणि 'वाटणे' यांसाठी दोन अगदी वेगळे शब्द आहेत. मराठीत त्यांच्यासाठी लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की आपल्याकडे या दोहोंत एकाच अक्षराचे अंतर आहे: जाणणे आणि जाणवणे. त्या एका 'व'ने वाक्याची सारी मांडणी बदलते. 'मी जाणते' असे म्हणताना मी कर्ती असते, गोष्ट माझ्या ताब्यात असते. 'मला जाणवते' म्हटले की मी बाजूला होते आणि ती गोष्ट माझ्याकडे चालून येते. तिला अडवणे माझ्या हाती राहत नाही. हा क्लब का निघाला, हे मला या व्याकरणातून जितके नीट कळले तितके दुसऱ्या कशातून कळले नाही.

त्याचे संस्थापक एर्विन लास्लो यांचा जन्म १९३२ सालचा, बुडापेस्टचा. आई पियानो वाजवत असे आणि मुलगाही लहानपणीच तयार झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्याने शहरातल्या वाद्यवृंदाबरोबर पहिला जाहीर कार्यक्रम केला. हे शहर १९४४-४५ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडले आणि माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवून दिले. वेढा संपला तेव्हा बुडा आणि पेश्त या दोन काठांवरच्या शहरभागांच्या मध्ये फक्त पाणी उरले होते. १९४७ मध्ये लास्लो जिनेव्हाच्या संगीत स्पर्धेत यशस्वी झाले, मग अमेरिकेत गेले आणि मैफली करता करता तत्त्वज्ञानाकडे आणि व्यवस्थाविज्ञानाकडे, म्हणजे सुटे घटक एकमेकांशी जोडून एक प्रणाली कशी चालते त्या अभ्यासाकडे, वळले. १९७० मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची मोठी पदवी, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संशोधनसंस्थेत काम आणि १९७७ मध्ये मानवजातीच्या ध्येयांविषयी 'क्लब ऑफ रोम'साठी केलेला अहवाल, असा त्यांचा प्रवास आहे. पियानोवादक ते प्रणालींचा अभ्यासक ही उडी मला पहिल्यांदा विचित्र वाटली होती. आता वाटत नाही. वाद्यवृंदात बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय आपला सूर लावता येत नाही, आणि हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

'क्लब ऑफ रोम' हा या क्लबचा थोरला भाऊ. इटलीतील उद्योगव्यवस्थापक ऑरेलिओ पेच्चेई आणि स्कॉटिश शास्त्रज्ञ अलेक्झांडर किंग यांच्या पुढाकाराने १९६८ च्या एप्रिलमध्ये रोमच्या लिन्चेई अकादमीत काही माणसे जमली आणि तिथून तो सुरू झाला. त्यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या एका तरुण चमूने लोकसंख्या, अन्न, उद्योग, साधनसंपत्ती आणि प्रदूषण या पाच गोष्टी संगणकाच्या प्रारूपात एकमेकींना जोडून पाहिल्या आणि १९७२ मध्ये जगाला सांगितले की मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ चालणार नाही. त्या अहवालाच्या लाखो प्रती खपल्या, त्यावर वाद झाले, संसदांमध्ये चर्चा झाल्या. जगाने जाणले. वागणे मात्र फारसे बदलले नाही.

पेच्चेई आणि लास्लो यांच्या मनात १९७८ च्या सुमारास हाच प्रश्न होता. आकडे, आलेख आणि तज्ज्ञ यांच्या जोडीला लेखक, कलावंत, संगीतकार, धर्मचिंतक अशा माणसांचा एक मंच हवा, कारण माहिती मनात उतरवण्याचे काम तेच करू शकतात, असा विचार त्यांच्या बोलण्यात पुढे आला. १९८४ मध्ये पेच्चेई गेले. मधल्या काळात बर्लिनची भिंत पडली, पूर्व युरोप मोकळा झाला, आणि १९९३ मध्ये लास्लो यांनी तो मंच आपल्या जन्मगावाच्या नावाने उभा केला. थिंक टँक म्हणताच धोरणांच्या शिफारशी, टिपणे, सरकारी दालने असे चित्र डोळ्यांपुढे येते. या विचारमंचाने आपला विषय म्हणून थेट माणसाची जाणीवच घेतली.

त्याच्या सन्माननीय सदस्यांची यादी वाचताना मी बराच वेळ थांबले होते. दलाई लामा, डेस्मंड टुटू, वाक्लाव हावेल, मिखाईल गोर्बाचेव्ह, एली वीझेल, जेन गुडॉल, जागतिक नीतीसाठी आयुष्य वेचणारे धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग. मुंबईत जन्मलेले वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता त्यात आहेत. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन आहेत, ज्यांनी १९५२ मध्ये भारतात आल्यावर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून योग शिकायला सुरुवात केली आणि मग त्या गुरूंना युरोपात नेले. चंद्रावर उतरलेले सहावे मानव एडगर मिचेल आहेत. १९७१ च्या फेब्रुवारीत परतीच्या प्रवासात यानाच्या खिडकीतून पृथ्वी, चंद्र, सूर्य आळीपाळीने सरकताना पाहून आपण या सगळ्याशी जोडलेले आहोत अशी अनुभूती त्यांना आली आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिचा अर्थ लावण्यात घालवले.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते जोसेफ रोटब्लॅट. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करणारा हा पोलिश भौतिकशास्त्रज्ञ. जर्मनीकडे बॉम्ब तयार होणार नाही हे १९४४ च्या अखेरीस स्पष्ट होताच त्यांनी काम सोडले आणि ते इंग्लंडला परत गेले. नैतिक कारणासाठी तो प्रकल्प सोडणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे एकट्याचेच नाव घेतले जाते. पुढे अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पग्वाश परिषदांच्या कामासाठी १९९५ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि त्या परिषदांना मिळून मिळाले. बॉम्बविषयीची माहिती तिथल्या प्रत्येकाजवळ सारखीच होती. एका माणसाला मात्र तिथे बसवेना. 'बसवेना' हेसुद्धा 'जाणवते'सारखेच क्रियापद आहे. त्यात माणूस ठरवत नाही, त्याच्याच्याने होत नाही.

मोठ्या नावांच्या यादीने जग बदलत नाही, हा आक्षेप आमच्या मंडळातच पहिल्या दिवशी घेतला गेला आणि तो मला मान्य आहे. सन्माननीय सदस्यत्व म्हणजे अनेकदा नाव वापरायची परवानगी, इतकेच असते. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. लास्लो यांनी पुढच्या काळात विश्वातली सारी माहिती साठवून ठेवणाऱ्या एका मूलभूत क्षेत्राची कल्पना मांडली, आणि तिला आपल्याकडचा 'आकाश' हा शब्द दिला. आपला शब्द तिथे पाहून सुखावण्याचा मोह होतो. पण मुख्य प्रवाहातल्या भौतिकशास्त्राने ती कल्पना स्वीकारलेली नाही आणि मीही तिथपर्यंत त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. शेजाऱ्याचे दुःख मला जाणवावे यासाठी विश्वाच्या मुळाशी एखादे अदृश्य क्षेत्र असण्याची गरज मला वाटत नाही. जाहीरनामा त्या सिद्धांतावर उभा नाही, आणि म्हणूनच त्याचे भाषांतर मी मनापासून करू शकले.

त्यात जबाबदारीविषयीचा भाग आहे, सर्जनशीलतेविषयीचा आणि विविधतेविषयीचा आहे. खाजगी व्यक्ती म्हणून, देशाचे नागरिक म्हणून, उद्योगधंद्यातले सहभागी म्हणून आपले काय काय देणे लागते ते त्यात ओळीने सांगितले आहे. ते सगळे मी एका दमात उतरवले. मग लास्लो आणि त्यांचे सहकारी जिला किमान नीती म्हणतात त्या सूत्रापाशी आले आणि पेन पुन्हा थांबले. ते सूत्र असे: इतरांनाही जगता येईल असे जगा. सोपे वाक्य. एकही अवघड शब्द नाही. पण ते मराठीत लिहिल्याबरोबर मला आमचा वरुडजवळचा संत्र्याचा बगीचा दिसला.

माझे आजोबा सर्वोदयी विचारांचे. भूदानाच्या दिवसांत पवनारला त्यांचे जाणे-येणे होते, आणि विनोबांनी 'जय जगत' म्हणायला सुरुवात केल्यापासून आजोबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच दोन शब्द असत. लग्नाच्या बोलणीच्या पत्रातसुद्धा. ते गेल्यानंतर बगीचा बाबांकडे आला. वरुड-मोर्शीचा भाग म्हणजे संत्र्याचे माहेर. आणि भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांची नावे निघाली की त्यांतही आमचा उल्लेख ठरलेला. संत्र्याचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि एका कोरड्या उन्हाळ्यात ते उभे वाळू शकते. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडले की आंबिया बहर फुटतो, आणि मग एप्रिल-मेमध्ये फळगळ रोखण्यासाठी विहीर तळाला जाईपर्यंत ओलीत करायचे, हे त्या बागाईतदारीचे चक्र आहे. २००४ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने मार्चमध्येच तळ गाठला. झाडांची पाने दुपारी वळायला लागली आणि बाबांनी बोअरची गाडी बोलावली.

मी तेव्हा घरी होते. दोन रात्री गाडी चालू होती. आधी माती उडाली, मग मुरूम, मग काळ्या दगडाची राखेसारखी बारीक भुकटी. अंगणातल्या तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर तिचा थर बसला. तीनशे फुटांवर ओल लागली, पुढे पुन्हा कोरडे. बाबा दर रॉडला पैशांचा हिशेब करत होते आणि पुढे जायला सांगत होते. सहाशे चाळीस फुटांवर पाणी लागले, दीड इंच. नारळ फुटला. शेजारच्या बगीच्यातले काका धुऱ्यावरून चालत आले, बोअरच्या तोंडातून उसळणाऱ्या गढूळ पाण्यात त्यांनी हात घातला आणि बाबांना म्हणाले, "पानी लागलं ना बाप्पा, चांगलं झालं. झाडं वाचतीन आता."

आमची झाडे वाचली. काकांची विहीर पंचेचाळीस फुटांची, त्यांच्या वडिलांनी सुरुंग लावून खणलेली. पुढच्या मे महिन्यात एका सकाळी मी धुऱ्याजवळ उभी असताना त्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी बादली सोडली आणि खालून दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज आला. त्यांनी दोर थोडा हलवून पुन्हा सोडला, पुन्हा तोच आवाज. मग त्यांनी रिकामी बादली वर ओढून घेतली, दोराची नीट वेटोळी केली आणि घराकडे गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही.

ती विहीर आमच्या बोअरने आटली का? याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. काळ्या दगडात पाणी भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून फिरते. खोल बोअर त्या भेगांना छेदून गेला की वरच्या थरातले पाणी खाली उतरू शकते, हे भूजलाचे कोणीही अभ्यासक सांगतील. पण पंचक्रोशीत तेव्हा शेकड्याने बोअर झाले होते. बाबा तेच म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते: आपण एक नसता घेतला तरी ती विहीर राहिली नसती. प्रत्येक बोअरवाल्याला हे वाक्य म्हणता येते आणि ते प्रत्येकाच्या तोंडी खरेच असते. गंमत नाही ही, हाच त्यातला घोर आहे. आपल्या एकेकाच्या गाडीचा धूर आणि वितळणारा हिमखंड यांच्यातले नाते याच जातीचे आहे; प्रत्येकाचा वाटा इतका लहान की कोणाकडेच बोट दाखवता येत नाही, आणि सगळे मिळून विहीर कोरडी.

कायदा इथे काही अंतरापर्यंत येतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणू नये असे महाराष्ट्राच्या भूजलविषयक कायद्याने १९९३ मध्येच सांगितले. म्हणजे क्लब स्थापन झाला त्याच वर्षी. २००९ च्या कायद्याने शेतीसाठीच्या विहिरींना साठ मीटर खोलीची मर्यादा घातली. हे कायदे हवेच आहेत, आणि ते पाळले जायला हवेत असे मला कळकळीने वाटते. पण कायदा फुटांत आणि मीटरमध्ये मोजतो. काकांची विहीर सार्वजनिक नव्हती, म्हणून १९९३ च्या कायद्याच्या लेखी ती नव्हतीच. जिथे कोणाचाही गुन्हा सिद्ध होत नाही आणि तरीही कोणाचे तरी पाणी जाते, त्या जागेसाठी जाहीरनाम्यातली ती किमान नीती आहे. ती पाळायला लावणारा कोणी नाही. ती ज्याला जाणवते त्यालाच लागू होते. यात तिचा दुबळेपणा आहे हे मी मान्य करते. दुसरे काही त्या जागेपर्यंत पोचतच नाही, हेही मला तितकेच खरे वाटते.

भाषांतर चालू असताना सदस्यांच्या यादीत एक नाव उशिरा दिसले आणि मला आजोबांची फार आठवण आली. ए. टी. आरियरत्ने, श्रीलंकेचे. १९५८ मध्ये कोलंबोतल्या एका महाविद्यालयातले शिक्षक असताना ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका दूरच्या, उपेक्षित गावात श्रमदानाला गेले आणि त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली. नाव आणि प्रेरणा गांधी-विनोबांकडची. पण बौद्ध परंपरेत वाढलेल्या या माणसाने 'सर्वोदय' शब्दाचा अर्थ लावला तो सर्वांची जागृती असा. ती चळवळ हजारो गावांत पोचली आणि तिचे काम काय, तर रस्ते बांधणे, विहिरी खणणे, तलावांचा गाळ काढणे. २०२४ मध्ये ते गेले. बुडापेस्टच्या त्या सभागृहापासून पवनारच्या धाम नदीपर्यंत असा एक धागा होता आणि तो कुदळ-फावड्यातून गेलेला होता. वैश्विक जाणीव आकाशातून खाली उतरते असे मी समजत होते. आरियरत्न्यांच्या कामाकडे पाहिल्यावर वाटते की ती बहुधा एखाद्या गावच्या गाळातूनच वर येत असावी.

आणि ज्या अकादमीत जाहीरनामा स्वीकारला गेला तिचीही अशीच एक गोष्ट आहे. १८२५ मध्ये हंगेरीच्या सभेत आपल्या भाषेसाठी विद्वत्सभा हवी अशी चर्चा चालली असताना इश्त्वान सेचेनी हा तरुण उमराव उठला आणि त्याने आपल्या जहागिरीचे एका वर्षाचे उत्पन्न देऊ केले. त्यावर अकादमी उभी राहिली. बुडा आणि पेश्त जोडणारा पहिला कायमचा पूल त्याच्याच प्रयत्नाने झाला, आणि १९४५ मध्ये उडवला गेलेला तो पूल चार वर्षांत पुन्हा बांधला गेला. अकादमीची इमारत त्याच पुलाच्या तोंडाशी आहे.

शेवटी शीर्षकासाठी मी 'पृथ्वीभान' हा शब्द ठेवला. मंडळातल्या काहींना तो आवडला, काहींना 'जगाची जाणीव' बरे वाटले. भाषांतर घेऊन मी गावी गेले आणि एका संध्याकाळी ओसरीवर बाबांना ते वाचून दाखवले. बाबा आता थकले आहेत, पण ऐकत होते. किमान नीतीच्या वाक्यावर त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि एक लांबट, कडा दुमडलेली वही घेऊन आले.

वहीत दर अमावास्येची तारीख होती आणि तिच्यापुढे एक आकडा. कधी बावीस फूट, कधी चौतीस, पावसाळ्यानंतर नऊ. पहिली नोंद २००५ च्या जूनची होती. मला वाटले आमच्या विहिरीचे मोजमाप असेल. बाबा म्हणाले, "आपली नोहे. त्याहीची." दर अमावास्येला, काका बाजाराला किंवा देवळात गेले की बाबा धुरा ओलांडून जात आणि सुतळीला लोखंडी नट बांधून काकांच्या विहिरीत सोडून पाणी मोजत. त्यांनी हे कधी घरात सांगितले नव्हते. काकांनी २०११ मध्ये संत्र्याची झाडे काढून तूर आणि कपाशी लावली, त्या वर्षी वहीत आकड्यांच्या मध्ये एकच शब्द लिहिलेला आहे, 'तोडली'. पुढे पुन्हा आकडे आहेत. मी पाने उलटत शेवटापर्यंत आले. शेवटची, त्या वर्षीच्या मे महिन्याची नोंद अशी होती: त्रेचाळीस फूट, तळाशी ओल.